बाबांनी नटवलेलं चर्च

कुवेतला मी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आलो, एका सरकारी हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये टेक्निशियन म्हणून. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचं आणि सहा आठवड्यांनी कापायचं, हा माझा धंदा. मी वसईचा मराठी ख्रिस्ती. हे एवढं ऐकून न गोंधळलेला माणूस मला तिथे क्वचितच भेटला. मल्याळी नर्सेस मला गोव्याचा समजायच्या. गोव्याचे लोक मला त्यांच्यातलाच, पण जरा बिघडलेला समजायचे. आणि गणपतीच्या कार्यक्रमाला गेलो की तेल कंपन्यांतले पुण्या-नाशिकचे इंजिनिअर पाच मिनिटं बोलून म्हणायचे, "तुम्ही मराठी किती छान बोलता हो." मी म्हणायचो, "तुम्हीही बरं बोलता." घरी आल्यावर बायको रागवायची. ती नर्स, तिला सगळ्यांशी जमवून घ्यायची सवय. मला ती कधी लागली नाही आणि लागायला हवी होती असं आजही वाटत नाही.

आम्ही फरवानियात राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि हॉल. खाली गावी पैसे पाठवायचं एक्स्चेंज, समोर बसचा थांबा, आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी जिन्यातसुद्धा माणसांची गर्दी. वसईकडची वीस-पंचवीस कुटुंबं कुवेतभर विखुरलेली होती. महिन्यातून एकदा ती सगळी आमच्या हॉलमध्ये रोझरीला जमायची. शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये मल्याळी, तमिळ, कोकणी, अरबी अशा सगळ्यांना आपापल्या भाषेत मिस्सेची उपासना होती, आम्हाला नव्हती. आमच्या हक्काचं म्हणून एक टेबल होतं फक्त. नाताळात चर्चच्या हॉलमध्ये प्रत्येक भाषेचा गट आपला गोठा मांडायचा, त्यात कोपऱ्यात आमचाही असायचा. त्या टेबलावर काय मांडायचं यावरून आमच्यात दरवर्षी इतकी भांडणं व्हायची की बायको म्हणायची, यंदा तरी बाळ येशूला जरा झोपू द्या.

बाबांचा धंदाही प्लास्टरचाच, पण ते गवंडी. आमच्या गावचं चर्च लहानसं, पोर्तुगिजांच्या वेळचं. माझ्या जन्माच्या आधी कधीतरी वेदीमागची भिंत पाणी झिरपून फुगली आणि जुनी नक्षी ढिगाऱ्यात गेली. ती बाबांनी नव्याने केली, त्यात त्यांची दोन वर्षं गेली. पीळ दिलेले खांब, वर वळणावळणाच्या कमानी, ढग आणि ढगांतून डोकावणारे दोन देवदूत. या प्रकाराला बरोक म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. बाबा त्याला नुसतं 'काम' म्हणायचे. जुन्या खांबांवर म्हणे द्राक्षांचा वेल होता. बाबांनी द्राक्षाचा वेल आयुष्यात पाहिलेला नव्हता. ते सरळ शेजारच्या पानमळ्यात जाऊन बसले, पानवेल बघून आले, आणि खांबांवर विड्याची पानं चढवली. देवदूतांना त्यांनी आमच्या गावातली जाड नाकं दिली. तेव्हाचे फादर कुरकुरले होते म्हणतात. नंतर तेही त्याच वेदीसमोर म्हातारे झाले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. कुवेतच्या किनाऱ्यासमोरच्या फैलका बेटावर एक दवाखाना होता. आमच्याकडचे हाडांचे डॉक्टर अधूनमधून बोटीने तिथे जायचे आणि प्लास्टरसाठी मला बरोबर न्यायचे. बेटावर त्या दिवसांत युरोपातून आलेली मंडळी खोदकाम करत होती. त्यांच्या एका मजुराचं मनगट मोडलं, मी प्लास्टर घातलं. त्याला घेऊन आलेल्या बाई माझ्या हातांकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, तुम्हाला जिप्समची माहिती आहे का? मी म्हटलं, मला दुसरी कसलीच माहिती नाही. डॉक्टरांची परवानगी काढून त्या मला जीपमधून खोदकामावर घेऊन गेल्या.

तिथे गुडघ्याएवढ्या उंचीच्या मातीच्या भिंती होत्या. ते चर्च होतं. बाई म्हणाल्या, हजार वर्षांपेक्षा जुनं आहे, नक्की किती ते इतक्यात विचारू नका. म्हणजे पोर्तुगीज आमच्या किनाऱ्याला लागायच्या कितीतरी आधीचं. एका ट्रेमध्ये कापसावर प्लास्टरचे तुकडे मांडलेले होते, ते जुळवले की क्रूस व्हायचा. बाईंना विचारायचं होतं ते एवढंच, की हे साच्यातून काढलंय की हाताने केलंय. मी हात न लावता वाकून पाहिलं. कडेला अंगठा फिरवल्याची खूण होती. प्लास्टर गरम व्हायला लागलं की हातात थोडी मिनिटं उरतात, तेवढ्यात आपण ओला अंगठा कडेवरून फिरवून घेतो. मी दिवसातून दहा वेळा फिरवतो. मी म्हटलं, हाताने. हजार वर्षांपूर्वीच्या एका प्लास्टरवाल्याला मी ओळखलं होतं आणि मला रडू येईल की काय असं वाटत होतं. एका तुकड्यावर पानासारखी नक्षीही होती, बारीक, दोन्ही बाजूंना वळलेली. ते पान कुठलं असेल यावर आम्ही थोडं बोललोही. पुढे मी ते पान सोयीस्करपणे विसरलो.

परतीच्या बोटीत माझं डोकं तापलं होतं. या लोकांनी मातीच्या चार भिंती उभ्या केल्या, एक क्रूस लावला, आणि त्यात त्यांचं भागलं. मग आपल्याला हे पिळाचे खांब आणि ढग कशाला हवेत? इतकी वर्षं लोक मला विचारत आले होते, तुम्हाला पोर्तुगिजांनी बाटवलं ना? आता माझ्याकडे सणसणीत उत्तर होतं. पोर्तुगिजांचा थाट काढून टाका, खाली मूळचा साधा धर्म आहे आणि तो त्यांच्या बापाचा नाही. जो भेटेल त्याला मी फैलक्याचं चर्च ऐकवायला लागलो. माझी दहा वर्षांची मुलगी, जी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर द्यायची, एकदा म्हणाली, "डॅडी, यू टोल्ड अस ऑलरेडी."

त्याच सुमारास गावच्या चर्चची कमिटी वेदीच्या मागे लागली. जुनं प्लास्टर भुसभुशीत झालंय, जुनाट दिसतं, ते काढून संगमरवर आणि टाइल्स बसवायच्या, असा त्यांचा विचार. गावातले निम्मे लोक विरोधात होते, म्हणून आखातात असलेल्यांची संमती मागवली होती. आमच्या कुवेतच्या गटाचा सेक्रेटरी माझ्याच गावचा, माझ्या वर्गातला. अर्दियाच्या एका गोदामात तो स्टोअरकीपर होता. त्याने संमतीचा कागद टाइप केला आणि घरोघरी सह्या घेत फिरला. नाताळानंतर तो सुट्टीवर जाणार होता, तेव्हा कागद गावी जाणार होता. मी सही केली. नुसती सही करून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी खाली आपल्या हाताने एक वाक्यही लिहिलं: पहिल्या ख्रिस्ती लोकांची चर्चं साधीच होती.

ते बाबांचं काम आहे हे मी विसरलो होतो, असं अजिबात नाही. मी स्वतःला सांगितलं, तत्त्व म्हणजे तत्त्व. आणि मला त्याचा अभिमानही वाटला.

डिसेंबरच्या सुरुवातीला बाबा आमच्याकडे आले. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती, ते घरी एकटेच होते, म्हणून बायकोने मागे लागून त्यांच्यासाठी व्हिजिट व्हिसा काढायला लावला. बॅगेत सुकेळी, सुकट, नातीसाठी लाकडी बैल, आणि एका फडक्यात गुंडाळलेली त्यांची लहान थापी. थापी कशाला आणलीत, असं मी विचारलं तर म्हणाले, घरी ठेवली तर कोणी घेऊन जाईल. तिसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, वेदीबद्दल इकडच्या लोकांच्या सह्यांचा कागद फिरतोय म्हणतात, तुझ्याकडे आला का? मी म्हटलं, फिरतोय खरा. ते म्हणाले, मग तू काय करणार? मी म्हटलं, बघू. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती कप घेऊन आत गेली.

म्हणजे हिशोब सरळ होता. कागद गावी पोचला की वेदी फुटणार होती, आणि ती फोडायला मुलानेही हो म्हटलंय हे बाबांना तिथे कोणीतरी तोंडावर सांगणार होतं. तोपर्यंत मला फक्त गप्प बसायचं होतं. ते मला छान जमत होतं.

त्या वर्षी आमच्या टेबलावर फैलक्याचं चर्च मांडायचं ठरलं होतं, अर्थात माझ्याच आग्रहाने. सेक्रेटरीलाही कल्पना पसंत होती. बाकीचे गट बर्फ आणि कापूस चिकटवत बसतील आणि आपण या भूमीवरचं जुनं चर्च मांडू. अर्दियाच्या गोदामातून त्याने मला खोक्यांचं प्लायवूड दिलं. हॉलमध्ये मी चार फूट लांबीचं चर्च उभं केलं, वरून जिप्सम, त्यावर बारीक वाळू आणि मातीचा हात. बुटक्या भिंती, छोटं दार, मधल्या भिंतीवर एक सरळसोट क्रूस. गोठ्याच्या बाहुल्या आत बसणार होत्या.

बाबा खुर्ची ओढून रोज बघत बसायचे. बाहेर जाणं त्यांना जमत नव्हतं. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही. फार तर बायकोबरोबर जमइयात, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या सहकारी दुकानात, भाजी आणायला जायचे. भिंती झाल्यावर त्यांनी विचारलं, "एवढंच?" मग मी त्यांना पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या साधेपणावर एक लांबलचक प्रवचन दिलं. त्यांनी ते नीट ऐकलं आणि मला भलतंच विचारायला लागले. प्लास्टर किती जाड होतं, आत ताग होता का, कडा कशा मारल्या होत्या. अंगठ्याच्या खुणेचं सांगितल्यावर ते हसले. माझाही उत्साह वाढला आणि बोलण्याच्या ओघात मी पानाचंही सांगून बसलो.

"पान होतं?" बाबा म्हणाले.

एका तुकड्यावर होतं, मी म्हटलं.

"मग ते कुठंय?"

मी म्हटलं, लांबून कोणाला दिसणार आहे ते. बाबा उठून भिंत जवळून बघायला लागले.

त्यानंतरच्या बुधवारी माझी आणि बायकोची, दोघांचीही ड्यूटी होती. दुपारी चारला मी घरी आलो तर हॉलमध्ये खाली वर्तमानपत्रं पसरलेली, आणि माझं चर्च मला ओळखू येईना. दाराच्या दोन्ही बाजूंना पिळाचे खांब. वर वळणांची कमान, कमानीवर ढग, ढगांत अंगठ्याएवढे दोन देवदूत. मातीच्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत पानवेल चढलेली, एकेक पान बोटाच्या नखाएवढं. चॉकलेटच्या डब्यांतल्या सोनेरी कागदाची किनार. नाताळच्या केकसाठी आणलेल्या आयसिंगच्या कोनातून त्यांनी प्लास्टर पिळून काढलं होतं, आणि ते लवकर घट्ट होऊ नये म्हणून पुडिंगची जिलेटीनची पाकिटं त्यात विरघळवली होती. गावी ते यासाठी सरस वापरायचे. बाबा खुर्चीत बसलेले, कोपरापर्यंत पांढरे. आई गेल्यापासून मी त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. मुलगी कात्रीने सोनेरी कागद कापत होती. ती म्हणाली, "डॅडी, लुक, दे हॅव युवर नोज."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, हे काय करून ठेवलंत? बेटावर असलं काहीही नव्हतं. लोकांना काय सांगू, हजार वर्षांपूर्वी तिथे पानमळे होते? दोन आठवड्यांचं काम एका दुपारी वाया घालवलंत. आणखीही बरंच बोललो. मुलगी कात्री ठेवून आत निघून गेली. शेवटी मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता हे सगळं खरवडून काढतो.

बाबा उठले. "काढ की," ते म्हणाले. "तुला सवयच आहे. तुझं प्लास्टर सहा आठवड्यांनी कापायचंच असतं. माझं तसं नसतं."

मग ते हात धुवायला गेले.

बायको संध्याकाळी आली. तिने चर्चभोवती एक फेरी मारली, देवदूतांकडे वाकून पाहिलं, म्हणाली, पुडिंग यंदा राहिलं वाटतं. मग स्वयंपाकघरात मला हळूच विचारलं, "त्या कागदाचं त्यांना सांगितलंस?"

मी म्हटलं, नाही.

"मग याला हात लावायचा नाहीस," ती म्हणाली.

तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे उठायच्या आधी, मी चाकू घेऊन बसलो. एक पान काढून बघू म्हटलं. ते निघेना. बाबांनी आधी माझी गुळगुळीत भिंत टोकदार काहीतरी घेऊन ओरखडून घेतली होती, म्हणजे नव्या प्लास्टरला धर मिळावा. पान तिथे चिकटवलेलं नव्हतं, भिंतीत रुजवलेलं होतं. मी चष्मा लावून बघत राहिलो. शंभरेक पानं असतील. एकही दुसऱ्यासारखं नव्हतं, आणि प्रत्येकाच्या कडेवरून काहीतरी ओलं फिरवून घेतलेलं होतं. ज्या माणसाला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो त्याने हे केलं होतं. मी चाकू परत ठेवला आणि ड्यूटीवर गेलो.

शुक्रवारी सकाळी भाड्याच्या पिकअपमधून आम्ही ते चर्चच्या हॉलमध्ये नेलं. बाबांनी स्वच्छ पांढरा सदरा घातला होता. टेबलावर मांडून होतंय न होतंय तोच सेक्रेटरी आला, काखेत फाइल. आमच्या गटातल्या दोन कुटुंबांच्या सह्या राहिल्या होत्या, त्या मिस्सेनंतर घ्यायच्या होत्या. त्याने टेबलावर ठेवायला एक छापील पाटी आणली होती: या भूमीवरचं जुनं चर्च. त्याने पाटी ठेवली, वर पाहिलं, आणि पाटी पुन्हा उचलली.

तो माझ्यावर भडकला, आणि त्याचं चुकत नव्हतं. फादरना आपण काय सांगितलं होतं, बाकीच्या गटांना काय सांगितलं होतं, आणि तू हे काय आणलंयस? अर्ध्या तासात लोक येतील, तेवढ्यात हे पुढचं सगळं काढ, नाहीतर वर कापड टाक. दोन दिवसांपूर्वी मी अगदी हेच म्हणत होतो. त्याच्या तोंडून ऐकल्यावर मला ते सहन होईना. मी म्हटलं, काढणार नाही, आणि कापडही पडणार नाही.

"अरे, हे आपल्या गावच्या वेदीसारखं दिसतंय," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "आपणच ती काढा म्हणून लिहून देतोय आणि तीच इथे मांडायची? तुझी सही आहे त्यावर. ते वाक्यपण तूच लिहिलंयस."

बाबा टेबलाच्या पलीकडे उभे होते. खांबाला लागलेली वाळू फुंकून काढत होते. त्यांनी मान वर केली आणि हात पुढे केला.

"बघू कागद," ते म्हणाले.

सेक्रेटरी लहानपणापासून त्यांना काका म्हणायचा. त्याच्या घराचं अंगण बाबांनी केलेलं होतं. त्याला नाही म्हणता आलं नाही. त्याने फाइलमधून कागद काढून दिला आणि तो माझ्याकडे बघायचं टाळू लागला. बाबांनी खिशातून चष्मा काढला, कागद उजेडात धरला आणि एकेक सही वाचत खाली आले. सगळी माणसं त्यांच्या ओळखीची. कोणाचा ओटा, कोणाची चूल, कोणाच्या बापाची कबर त्यांनी बांधलेली. माझ्या सहीपाशी ते थांबले आणि खालचं वाक्य मोठ्याने वाचलं. शाळेत वाचतात तसं, सावकाश.

"पहिल्या ख्रिस्ती लोकांची चर्चं साधीच होती. हे तू लिहिलंस?"

"हो."

"तुकड्यावर पान होतं म्हणालास."

"होतं."

"मग खोटं का लिहिलंस?"

आजूबाजूला आमच्यातलेच आठ-दहा जण उभे होते. पलीकडच्या टेबलावर मल्याळी बायका कापूस लावायचं थांबवून बघत होत्या. माझ्याकडे तत्त्वाची सगळी वाक्यं तयार होती, सहा महिने मी ती कुवेतभर वाटत फिरलो होतो. पण मी जे बोललो ते मलाही तिथेच पहिल्यांदा ऐकू आलं.

"मला ते पान करता येत नाही, बाबा. म्हणून नव्हतं असं म्हटलं."

बाबांनी चष्मा काढला. रागावले नाहीत, माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही. मान हलवली, एखाद्याने अडलेल्या कामाचं खरं कारण सांगितल्यावर गवंडी हलवतो तशी, आणि कागद मला दिला.

मी सेक्रेटरीच्या खिशातलं पेन घेतलं. आधी वाक्य खोडलं, मग सही खोडली, दोन्हीवर आडव्या चार चार रेघा. सेक्रेटरी म्हणाला, असं खोडता येत नाही, खाडाखोड असली तर सगळा कागद बाद धरतील. मी म्हटलं, धरू देत. तो म्हणाला, बाकीच्यांच्या सह्या आहेत, तुझ्या एकट्याच्या नसण्याने काही थांबणार नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे, थांबवायला खोडत नाहीये, ते खोटं आहे म्हणून खोडतोय. आणि हे टेबलावरचं इथेच राहील. तुला काढायचं असेल तर तू काढ, पण ते यांच्यासमोर काढायचं.

त्याने बाबांकडे पाहिलं. मग छापील पाटी फाइलमध्ये टाकली आणि निघून गेला. त्या टेबलावर त्या नाताळात पाटी नव्हती. फादर आले, चष्म्यावरून बघत राहिले आणि म्हणाले, हे बेटावरचं तर नाही. मी म्हटलं, नाही फादर, हे आमचं आहे. बक्षीस तमिळ लोकांना मिळालं. मल्याळी नर्सेस मात्र घोळक्याने येऊन पानांना बोट लावून बघत होत्या, आणि बाबा प्रत्येकीला शुद्ध मराठीत जिलेटीनचं प्रमाण समजावत होते. ते पुढच्या वर्षीही तसंच मांडायचं मी तिथेच जाहीर करून टाकलं. दोघा-तिघांनी नाकं मुरडली. मुरडू देत.

सेक्रेटरीने कागद पुन्हा टाइप केला, सगळ्यांच्या सह्या नव्याने घेतल्या आणि सुट्टीवर जाताना बरोबर नेला. माझ्याकडे तो आलाच नाही. आमचं बोलणं त्यानंतर जेवढ्यास तेवढं राहिलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. जानेवारीत बाबा परत गेले. विमानतळावर वेदीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. जे होणार होतं ते दोघांनाही माहीत होतं.

ईस्टरआधीच्या उपासकाळात त्यांचं पत्र आलं. सुरुवातीला तब्येत, पाणी, शेजाऱ्यांची लग्नं. मग एक ओळ सोडून त्यांनी लिहिलं होतं: मुंबईहून चार माणसं आली होती फोडायला. एका दिवसाचं काम म्हणून ठरवून आली होती. मी रोज जाऊन बसत होतो. तीन दिवस लागले त्यांना.